दुर्बीण गॅमा किरण बघतच नाही!

कुणालाही प्रश्न पडेल की गॅमा किरण (सगळ्यात जास्त ऊर्जेचा प्रकाश) वातावरणातच अडतात, मग लडाखमधल्या हानलेची 'मेस' दुर्बीण बघते तरी काय? गंमत म्हणजे ती गॅमा किरण बघतच नाही. किरण हवेत शिरला की साधारण दहा किलोमीटर उंचीवर इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचेच धनभारित जुळे) यांचा फवारा उडतो. हे कण हवेतल्या प्रकाशाच्या वेगापेक्षाही जोरात पळतात आणि निळसर चेरेन्कॉव्ह प्रकाश सोडतात. तो टिकतो जेमतेम काही नॅनोसेकंद. तो टिपायला मेसचा आरसा २१ मीटर व्यासाचा आणि कॅमेऱ्यात १०८८ पिक्सेल. (उभारणीत पुढाकार मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचा.)

खरी डोकेदुखी पुढे आहे. एका गॅमा किरणामागे हजारभर वैश्विक किरण (अवकाशातून येणारे कण, बहुतेक प्रोटॉन) असाच फवारा उडवतात. गॅमाची प्रतिमा सडपातळ लंबगोल, बाकीच्यांची विस्कटलेली. म्हणजे खड्यांतून तांदूळ निवडायचे! १९८९ मध्ये अमेरिकेतल्या व्हिपल दुर्बिणीने क्रॅब नेब्युला (फुटलेल्या ताऱ्याचा अवशेष) असाच निवडून काढला.

पण क्रॅबमध्ये सगळा खेळ मधल्या पल्सारचा, म्हणजे गरगर फिरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याचा. ताऱ्याच्या स्फोटाचं कवचच बघायचं तर आरएक्स जे१७१३ हा दुसरा अवशेष घ्या. नामिबियातल्या हेस दुर्बिणींनी २००४ मध्ये त्याचं चित्रच दिलं. ते किरण प्रोटॉनमुळे की इलेक्ट्रॉनमुळे, यावरची भांडणं काही मिटत नाहीत. आयसी ४४३ आणि डब्ल्यू ४४ या अशाच अवशेषांमध्ये मात्र फर्मी या गॅमा किरण टिपणाऱ्या उपग्रहाला २०१३ मध्ये पायॉनची (प्रोटॉनच्या टकरीतून निघणाऱ्या कणाची) खूण सापडली, म्हणजे तिथे प्रोटॉन नक्की. अर्थात तीही हेससारख्या दुर्बिणींपेक्षा बऱ्याच कमी ऊर्जेला.