‘टाइम इमेमोरिअल’ला तारीख कशी असू शकते?

शब्दार्थी (प्रश्न)
इंग्लंडमधील पायवाटेच्या हक्काविषयीच्या एका जुन्या निकालपत्राचा अनुवाद करताना ‘टाइम इमेमोरिअल’साठी मी ‘अनादिकाळापासून’ असे लिहून मोकळा झालो. दोनच ओळींनंतर न्यायाधीश त्याच संदर्भात ११८९ या सनाचा उल्लेख करतात. ज्याला आदीच नाही, त्याला सन कसा चिकटला? जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

जुने दप्तर
गोंधळ ‘अनादि’ या शब्दाने केला आहे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘स्मरणापलीकडचा’ एवढाच आहे. त्याला सुरुवातच नव्हती, असा दावा त्यात नाही. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये जमिनीवर हक्क सांगणाऱ्याला ती अमुक राजाच्या काळी आपल्या पूर्वजाच्या ताब्यात होती असे दाखवावे लागे, आणि त्यासाठी किती मागे जाता येईल याची मर्यादा अधूनमधून पुढे सरकवली जाई. पहिल्या एडवर्डच्या कारकिर्दीत, १२७५ मध्ये, वेस्टमिन्स्टरच्या कायद्याने ती पहिल्या रिचर्डच्या राजवटीच्या आरंभापाशी आणली. ३ सप्टेंबर ११८९ हा त्याच्या राज्याभिषेकाचा दिवस. तेव्हा ही गोष्ट अवघ्या ८६ वर्षांपूर्वीची, म्हणजे वडिलांनी किंवा आजोबांनी सांगितलेली आठवावी इतकी जवळची होती. पुढे न्यायालयांनी रूढी आणि वहिवाटीच्या हक्कांनाही हाच दिवस लावला. जमिनीच्या दाव्यांसाठी १५४० मध्ये नवी मुदत आली, रूढी-वहिवाटीची मर्यादा मात्र ११८९ वरच राहून गेली. जुन्या दस्तऐवजांतील ‘ज्याच्या उलट माणसाच्या स्मरणात काही नाही’ अशा अर्थाचे लांबलचक इंग्रजी शब्द याच कल्पनेचे आहेत.

वादी-प्रतिवादी
यात एक पुरवणी जोडतो. सहा-सात शतकांपूर्वीचा साक्षीदार आणायचा कुठून? म्हणून हयात माणसांच्या आठवणीइतकी वहिवाट सिद्ध झाली की न्यायालय ती ११८९ पासूनची आहे असे गृहीत धरी. मात्र ती त्या वर्षी असणेच अशक्य होते, असे प्रतिपक्षाने दाखवले की सगळा डोलारा कोसळे. १८६८ च्या ‘ब्रायंट विरुद्ध फूट’ या खटल्यात एका पॅरिशचा (चर्चच्या हद्दीतील वस्तीचा) रेक्टर, म्हणजे तिथला धर्मगुरू, लग्नामागे १३ शिलिंग शुल्क पुरातन रूढी म्हणून मागत होता. १२ पेन्सचा एक शिलिंग, म्हणजे १५६ पेन्स. रिचर्डच्या काळी चांदीचा पेनी हेच चलनातले नाणे होते, आणि पैशाचे तेव्हाचे मोल पाहता एका लग्नासाठी अशी १५६ नाणी कुणी मोजली असतील हे न्यायालयाला पटेना. रूढी पडली ती रकमेच्या आकड्यावर! ११८९ च्या या अडचणीवर तोड म्हणून त्याआधीच, १८३२ च्या कायद्याने वाटेच्या हक्कासारख्या बाबतींत २० वर्षांची अखंड वहिवाट केवळ ‘ती ११८९ नंतर सुरू झाली’ एवढ्या कारणाने नाकारता येणार नाही, अशी तरतूद केली. रूढीला मात्र या कायद्याने हात लावला नाही.

शब्दार्थी
मनःपूर्वक आभार. मग ‘कायद्याच्या स्मृतीपलीकडील काळापासून’ असे लिहिले तर चालेल का?

जुने दप्तर
‘स्मृती’ नको. मराठी वाचकाला कायद्याच्या शेजारी ‘स्मृती’ दिसली की मनू आणि याज्ञवल्क्य आठवतात, आणि रिचर्ड बिचारा बाजूलाच राहतो. ‘स्मरणातीत काळापासून’ लिहावे आणि पहिल्याच उल्लेखाला ११८९ ची तळटीप द्यावी. एरवीच्या ललित लेखनात हा शब्दप्रयोग आला, तर तुमचे ‘अनादिकाळापासून’ अगदी योग्य आहे; तिथे इंग्रजी लेखकाच्याही मनात रिचर्ड नसतो.