डिलिव्हरी रेकॉर्ड डिलीट होत नाहीये आणि अडकलंय कशात तेच दिसत नाही (मदत हवी आहे)

मंडळी, जरा डोकं लावा. आमच्याकडे डिलिव्हरी मॅनेजमेंटचं मोठं सॉफ्टवेअर आहे, सगळे डेपो एकाच डेटाबेसवर, खाली पोस्टग्रेस. टेस्टिंगच्या वेळच्या डमी डिलिव्हरी लाइव्हमध्ये तशाच राहिल्यात आणि रोज पेंडिंग रिपोर्टमध्ये येऊन बसतात, म्हणून त्या काढायला घेतल्या. बहुतेक गेल्या, काही मात्र जाम हलत नाहीत. स्क्रीनवर नुसतं 'रेकॉर्ड डिलीट करता आला नाही, ॲडमिनशी संपर्क साधा' (ॲडमिन मीच, आता कोणाशी साधू). लॉगमध्ये २३५०३ हा एरर कोड आहे, म्हणजे फॉरेन की व्हायोलेशन (दुसऱ्या टेबलातले रो या रेकॉर्डला जोडलेले असताना तो काढायला गेलो), आणि ते जोडलेलं चाइल्ड टेबल म्हणून ट्रिपच्या स्टॉपचं टेबल दाखवतोय. ठीक आहे, आधी स्टॉप काढायला हवेत हे कळतं, पण त्याच डिलिव्हरीचा आयडी टाकून स्टॉपच्या टेबलवर सिलेक्ट (शोधायची क्वेरी) मारला तर शून्य रो! एरर म्हणतो रेफरन्स आहे, बघायला जावं तर काहीच नाही.

त्यात बल्क डिलीटमध्ये एक अडली की बाकीच्याही सगळ्या परत येतात. डेव्हलपर म्हणतो कन्स्ट्रेंट (हा फॉरेन कीचा नियमच) ड्रॉप करू, डिलीट मारू, परत लावू. मला काही ते पटत नाहीये. कोणी बघितलंय का असं?

प्रतिसाद: त्याच नावाचं टेबल दुसऱ्या स्कीमात (डेटाबेसमधला टेबलांचा वेगळा गट) आहे का बघा. सर्च पाथमुळे (कुठला स्कीमा आधी बघायचा तो क्रम) तुम्ही भलतंच टेबल बघत असाल.

धागाकर्ता: बघितलं, स्कीमा एकच आहे.

प्रतिसाद: तुमच्या लॉगिनला सगळ्या डेपोंचा डेटा दिसतो का? मला तर रो लेव्हल सिक्युरिटी वाटतेय, म्हणजे कोणत्या लॉगिनला कुठले रो दिसावेत हे ठरवणारी पॉलिसी. सिलेक्टला पॉलिसी लागू होते, म्हणून दुसऱ्या डेपोचे रो गुपचूप गाळले जातात, पण फॉरेन कीची तपासणी पॉलिसी जुमानत नाही, तिला सगळे रो दिसतात. खात्री करायची तर सेशनमध्ये रो सिक्युरिटीचं सेटिंग ऑफ करून तोच सिलेक्ट मारा. ऑफ केलं की सगळं दिसेल असं समजू नका हां, उलट पॉलिसी रो गाळणार असेल तर क्वेरी सरळ एरर देते, आणि तेच तर आपल्याला हवंय, एरर आला की पॉलिसी आड येतेय हे कळलं.

कन्स्ट्रेंट ड्रॉप अजिबात करू नका. डिलिव्हरी उडाली आणि स्टॉप मागे राहिले तर कन्स्ट्रेंट परत लावताना तोच एरर येणार, आणि तपासणी टाळून लावलात तर अनाथ स्टॉप कायमचे. बल्कचं म्हणाल तर सगळं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (झालं तर सगळं, नाहीतर काहीच नाही) चाललंय, प्रत्येक डिलीटआधी सेव्हपॉइंट (परत येण्याची खूण) टाका, आणि एरर आला की तिथवरच रोलबॅक करा, म्हणजे अडेल तेवढीच मागे येईल.

प्रतिसाद: आणि स्टॉपच्या टेबलवर डिलिव्हरी आयडीचा इंडेक्स (पटकन शोधायची सूची) आहे का? पोस्टग्रेस फॉरेन कीवर इंडेक्स आपणहून बनवत नाही, नसेल तर दर डिलीटला अख्खं टेबल चाळत बसतो.

धागाकर्ता: सेटिंग ऑफ केलं आणि एरर आला! मग डीबीएकडून (डेटाबेस सांभाळणारा) त्याच्या लॉगिनने बघून घेतलं, स्टॉप आहेतच, फक्त त्या ट्रिप मध्येच दुसऱ्या डेपोकडे ट्रान्सफर झाल्या होत्या, म्हणून स्टॉपवर त्यांचा डेपो कोड. आता त्या डेपोच्या सुपरवायझरला सांगून ॲप्लिकेशनमधूनच ट्रिप कॅन्सल करून घेतोय, ट्रिप गेली की स्टॉप जातात आणि मग डिलिव्हरी मुकाट डिलीट होते. इंडेक्स नव्हताच, रात्री टाकायला सांगितलाय. एक डिलिव्हरी उरलीये, तिला पोचपावतीचा फोटो जोडलाय आणि बिलही निघालेलं दिसतंय. ती कशी काढू?

प्रतिसाद: बिल निघालंय म्हणजे ती डमी नसावी, कोणीतरी टेस्टची एंट्री खऱ्या मालाला वापरलेली दिसतेय. ती नका काढू. आधी अकाउंट्सला विचारा, आणि तोवर रिपोर्टच्या फिल्टरमधून बाहेर ठेवा.