प्रोमो पाहून तुमच्या घरात कोण काय म्हणालं? (कॅप्टन व्योम आणि मंडळी)

मोगरा७९
काल भाचीने येऊ घातलेल्या एका अंतराळ मालिकेची झलक दाखवली आणि मी थेट १९९८ मध्ये पोचले. दूरदर्शनवर 'कॅप्टन व्योम'ची जाहिरात लागायला लागली होती. यानं, ठिणग्या, चकचकीत घट्ट पोशाख आणि त्यात मिलिंद सोमण! आजीने भाकरी थापता थापता मान वर केली. "हा तो 'मेड इन इंडिया' गाण्यातला ना?" आणि लगेच, "एवढ्या घट्ट कपड्यांत बिचारा जेवणार कसा?" आम्ही पोट धरून हसलो. बाबा मात्र म्हणाले, "अंतराळात आपला माणूस कप्तान झालाय, मालिका बघायचीच." ते वाक्य मला फार आवडलं होतं. अजूनही आवडतं.
तुमच्याकडे काय झालं? मालिका पुढे कशी निघाली ते नको, पहिल्या झलकेबद्दल लिहा.

ठेचा_भाकर
आमची काकू: "सोमण म्हणजे कुठले सोमण?"
तिकडे यानाचा स्फोट झालाय, हिचं लक्ष आडनावावर! काका म्हणाले, पोहण्यातला राष्ट्रीय विजेता आहे तो. लगेच समाधान झालं. "मग दम आहे पोरात. टिकेल वर."

रात्रपाळी
आजोबा निवृत्त हवालदार. तुरुंगातून बारा खतरनाक गुन्हेगार पळालेत आणि व्योम त्यांना एकेक करून पकडणार, अशी गोष्ट मी त्यांना सांगितली. ते गंभीरपणे म्हणाले, "बारा जण एकदम पळाले? पहाऱ्यावर कोण होतं ते आधी विचारा. पहिलं निलंबन त्याचं."

मोगरा७९
रात्रपाळी, आजोबांना साष्टांग दंडवत! यांना मालिकेत घ्यायला हवं होतं.

पावशेर
टॉम ऑल्टर विश्वप्रमुख होते ना त्यात? माझी आई फक्त त्यांच्यासाठी बसायची. म्हणायची, पडद्यावर काहीही चालू दे, याचं बोलणं ऐकत राहावं. २०१७ मध्ये गेले तेव्हा खूप हळहळली.

कुंभारवाडा
आमच्या शेजारी विज्ञानाचे सर राहायचे. नारळीकरांची 'यक्षांची देणगी' त्यांनी आम्हा पोरांना मोठ्याने वाचून दाखवली होती. प्रोमोत धडाम धुडुम सुरू झालं की सर खुर्चीतून उठायचे. "अरे, अवकाशात हवा नाही! आवाज आला कुठून?" आम्ही पोरं मुद्दाम आवाज वाढवायचो. पण ध्वनीला माध्यम लागतं हे मी पुस्तकातून नाही, त्या भांडणातून शिकलो. सर, जिथे असाल तिथे नमस्कार.

आजोळ
तुम्ही सगळे लहान आहात. आमचा 'इंद्रधनुष', १९८९! गिरीश कर्नाड, विक्रम गोखले. पोरं घरी संगणक जुळवतात आणि त्यातून थेट काळाच्या प्रवासाला. गोखले दिसल्यामुळे आई हातातलं काम टाकून आली, संगणक पाहिला आणि म्हणाली, "याला कव्हर नाही? धूळ बसेल."
काळप्रवासाबद्दल एक अक्षर नाही. कुकर झाला वाटतं, आलेच.

ठेचा_भाकर
कव्हर!! आमच्या टीव्हीला सरकतं लाकडी शटर, शटरवर भरतकामाचा पडदा आणि वर फुलदाणी. मालिका सुरू होईपर्यंत निम्मं शीर्षकगीत गेलेलं असायचं.

पावशेर
आणि गच्चीवर अँटेना फिरवायला दादा. "आलं का?" "आलं!" "आता?" "गेलं!"

रात्रपाळी
पावशेर, आमच्याकडे गच्चीवर माकडं यायची. अँटेना तीच फिरवायची. कामावर निघालोय, उरलेलं उद्या वाचतो.

नवी_सून
मी हे काही पाहिलेलं नाही, जन्म नंतरचा. पण सासूबाईंना सगळं वाचून दाखवतेय, त्या डोळे पुसत हसतायत. त्या विचारतायत, टीव्हीवर क्रोशाचा रुमाल कोणाकोणाकडे होता? अननसाच्या नक्षीचा हवाय त्यांना.

आजोळ
नवी_सून, माझ्याकडे आहे, आईने विणलेला. टाके मोजून लिहून देते आणि फोटोही टाकते. सासूबाईंना विचार, दोरा वीस नंबरचा घेणार की चाळीस? चाळीसचा बारीक आहे, डोळ्यांना त्रास होईल.

नवी_सून
वीस म्हणतायत. आणि किनार गुलाबी.