मदत हवी आहे : टिळकांच्या भजनांच्या जुन्या चाली

सर्वांना जय ख्रिस्त. रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या भजनांच्या नगरकडच्या जुन्या चाली कोणाला येतात का? आमच्या मंडळीत त्या आता दोन-तीन वयस्कर मावश्यांच्याच गळ्यात उरल्या आहेत. आमच्याकडच्या ‘उपासना संगीत’ या गीतांच्या पुस्तकात शब्द आहेत, स्वरलिपी नाही. तरुण मुलं कीबोर्डवर गातात, छानच गातात, पण अभंगाची लय तिथे हरवते, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण अभंग आणि ओवी सोडली नाही. त्यांच्याही आधी कृष्णराव सांगळे ख्रिस्ती कीर्तनं करत. टाळ-मृदंगावर म्हटलेलं भजन अक्षरओळख नसलेल्या माणसालाही पाठ व्हायचं. आमची आजी अशीच शिकली. शेवटच्या आजारात तिला माणसं ओळखू येत नव्हती, भजनं मात्र ती आमच्याबरोबर म्हणायची.

मावश्यांचं गाणं आम्ही मोबाइलवर रेकॉर्ड करतोय. ते ऐकून स्वरलिपी लिहून देणारं कोणी आहे का? हार्मोनियम वाजवणारे असाल तर उत्तमच. घरात जुन्या कॅसेट किंवा हाताने लिहिलेल्या वह्या असतील तर कृपया कळवा. पुणे, नगर, सोलापूर, कुठेही येऊ.