५.९ लिटर, बारा व्हॉल्व्ह: बूस्ट वाढवायचा आहे, हेड टिकवायला आधी काय बदलू?

मालवाहू

नमस्कार मंडळी. माझा ट्रक जुना आहे. कमिन्सचं ६बीटी, सहा सिलिंडर, बॉशचा पी पंप, होल्सेटचा एचएक्स३५ टर्बो. मागे जड ट्रेलर असतो आणि रस्ता बहुतेक चढाचा. पूर्वी बूस्ट (टर्बोने भरलेल्या हवेचा दाब) १.३ बारच्या आसपास यायचा. दोन महिन्यांपूर्वी वेस्टगेटची (बूस्टला मर्यादा घालणारी झडप) काडी आखूड केली आणि पंपाची फ्युएल प्लेट (डिझेल किती जायचं ते ठरवणारी पट्टी) पुढे सरकवली. बूस्ट १.९ वर गेला. जिथे तिसरा टाकावा लागायचा तिथे गाडी चौथ्यावर चढायला लागली, मी खूश होतो.

मागच्या आठवड्यात लांब चढावर पाण्याचा काटा वर सरकायला लागला. माथ्यावर थांबून बॉनेट उघडलं तर पाण्याच्या टाकीत भाताच्या आधणासारखे बुडबुडे. पाच मिनिटं इंजिन आयडलवर ठेवलं, बुडबुडे थांबले. दुसऱ्या दिवशी गार इंजिनावर झाकण काढून बघितलं, रेस दिली, एकही बुडबुडा नाही. म्हणजे फक्त लोडवर होतंय.

एका मिस्त्रींनी सांगितलं की हेडखालचं (हेड म्हणजे सिलिंडरवरचं झाकण) गॅस्केट नवीन टाका, बोल्ट तेच चालतील. पण मला बूस्ट २.५ बारवर न्यायचा आहे आणि पुन्हा पुन्हा हेड काढायचं नाही. स्टड (बोल्टऐवजी ब्लॉकमध्ये उभे रोवायचे आट्यांचे दांडे), व्हॉल्व्ह स्प्रिंग, ओ-रिंग, कमी कॉम्प्रेशनचे पिस्टन, मोठा टर्बो, सगळ्यांची नावं ऐकून डोकं गरगरतंय. सुरुवात कुठून करू?

तेलकट_हात

मालवाहू दादा, गॅस्केट 'उडालेलं' नाही अजून, हेड उचललं जातंय. दोन्हींत फरक आहे. उडालं असतं तर आयडललाही बुडबुडे आले असते.

जरा हिशेब बघा, म्हणजे बोल्टचं काय करायचं ते आपोआप कळेल. तुमच्या इंजिनाचं कॉम्प्रेशन १७.५ ला १ धरू. बूस्ट १.३ म्हणजे बाहेरची हवा धरून सिलिंडरमध्ये २.३ बारने हवा शिरते. पिस्टन वर येईपर्यंत ती ढोबळमानाने ४५ पट दाबली जाते, म्हणजे १०० बारच्या थोडं वर. बोअर १०२ मि.मी., क्षेत्रफळ जवळपास ८२ चौ.सें.मी. एका सिलिंडरवर हेडला खालून धक्का साडेआठ टनांचा. आता बूस्ट २.५ करा: आत ३.५ बार, दाबल्यावर दीडशेच्या वर, धक्का १३ टन. आणि यात डिझेल अजून पेटलेलंच नाही! पेटल्यावरचा दाब याच्याही वर.

हा सगळा धक्का सोसतात सिलिंडरभोवतीचे सहा बोल्ट, १२ मि.मी. चे. बोल्ट म्हणजे ताणलेली स्प्रिंगच. धक्का तिच्या ताणापेक्षा वाढला की हेड केसभर वर होतं, गॅस गॅस्केटच्या कडेवरून पाण्याच्या वाटेत घुसतो, आणि लोड सुटला की हेड परत बसतं. म्हणून तुम्हाला गार इंजिनावर काही दिसलं नाही. पण प्रत्येक वेळी गॅस्केटची कडा थोडी जळते. फार दिवस असं चालवू नका, सध्या वेस्टगेट परत सैल करा.

जुने बोल्ट परत वापरता येतात, लांबी मोजून मर्यादेत असतील तर. पण तो सल्ला मूळच्या बूस्टसाठी ठीक आहे, २.५ साठी नाही. स्टड घ्याच.

फेसप्लेट

मी हेड-ब्लॉकचं मशीन काम करतो, म्हणून माझ्या बाजूचं लिहितो.

स्टडचा फायदा असा की टॉर्क देताना बोल्ट स्वतः फिरतो, त्यामुळे बराचसा जोर आट्यांच्या आणि डोक्याखालच्या घासण्यात जातो. स्टड जागेवर उभा राहतो, फिरतो फक्त वरचा नट. ताण जास्त आणि सगळीकडे सारखा येतो. त्याच्यासोबत मिळणारं ग्रीस लावा, दुसरं कुठलं तेल नको, कारण टॉर्कचा आकडा त्या ग्रीसवरच ठरवलेला असतो. तीन टप्प्यांत आवळा, मधून बाहेरच्या बाजूला. मग इंजिन पूर्ण गरम करा, रात्रभर गार होऊ द्या आणि परत टॉर्क तपासा. ही शेवटची पायरी लोक गाळतात आणि मग स्टडला नावं ठेवतात.

गॅस्केट चांगलं असेल तर हेड न काढता एकेक बोल्ट काढून एकेक स्टड बसवता येतो. तुमच्या बाबतीत मी तसं करणार नाही. गॅसने कडा पोळलेली आहे, हेड काढावंच लागेल. काढलं की सरळपट्टी आणि फीलर गेज घेऊन हेडही बघा आणि ब्लॉकही. ब्लॉक कोणी बघतच नाही. आट्यांच्या तोंडाशी धातू किंचित वर आलेला असतो, बोटाचं नख फिरवलं तरी लागतो. तो घासून सपाट केल्याशिवाय नवं गॅस्केट ठेवू नका. बोल्टच्या भोकांतलं तेल-पाणीही पूर्ण काढा. भोकात पाणी राहिलं आणि स्टड आवळला तर ब्लॉक तडकू शकतो.

ओ-रिंगबद्दल विचारलंत. हेडमध्ये खाच पाडून स्टीलची तार बसवायची, ती गॅस्केटमध्ये रुतते. काम उत्तम, पण २.५ बारला गरज नाही. सपाट हेड, चांगला स्टड आणि मूळ जातीचं गॅस्केट पुरेसं आहे.

आणि एक गोष्ट, बूस्टशी संबंध नसला तरी सांगतो. पुढचं टायमिंग कव्हर कधीही उघडलंत तर आतल्या केसिंगची बारीक डॉवेल पिन अडवून घ्या. या इंजिनात ती सैल होऊन गिअरमध्ये पडते. एक छोटी पट्टी लावली की चिंता मिटते.

गेज_ताई

वरचं दोघांचं पटलं, पण दादा, तुम्ही फक्त बूस्ट मोजताय. टर्बोच्या आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये किती दाब साठतोय ते बघितलंत का? आम्ही त्याला ड्राइव्ह प्रेशर म्हणतो. एचएक्स३५ बहुतेकदा १२ चौ.सें.मी. च्या टर्बाइन हाउसिंगसह (एक्झॉस्टच्या बाजूचं कवच) येतो. लवकर फिरतो, खालच्या आरपीएमला मजा येते, पण जास्त डिझेल जाळलं की बाहेर जायची वाट अरुंद पडते. बूस्टच्या जवळपास दीडपटीपुढे ड्राइव्ह प्रेशर गेलं तर टर्बो हवा भरण्यापेक्षा इंजिनाचा गळा जास्त आवळतोय असं समजा.

व्हॉल्व्ह स्प्रिंगचा प्रश्नही तिथेच सुटतो. समजा व्हॉल्व्हचा व्यास ४५ मि.मी. आणि पाठीमागून २.५ बार दाब, तर व्हॉल्व्ह उघडायला बघणारं बळ ४० किलोच्या घरात. जुन्या दमलेल्या स्प्रिंगला हे जड जातं. हेड काढलेलं असेलच, तर जास्त ताणाच्या स्प्रिंग तेव्हाच बसवून घ्या.

ड्राइव्ह प्रेशर मोजायला मॅनिफोल्डवर भोक पाडून नळी घ्या. पहिला मीटरभर स्टीलची किंवा तांब्याची नळी गुंडाळी करून, पुढे रबरी. नाहीतर गेज वितळेल. पायरोमीटरही (एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा) टर्बोच्या आधीच बसवा. चढावर सतत ७०० अंश सेल्सियसच्या वर राहायचं नाही. हेड उचललं तर गॅस्केट जातं, पिस्टन वितळला तर सगळं इंजिन जातं.

तेलकट_हात

ताईंनी मुद्द्याचं सांगितलं. भर एवढीच की पंपाचं टायमिंग (डिझेल फवारायची वेळ) कोणी पुढे घेतलंय का तेही तपासा. टायमिंग पुढे घेतलं की इंजिन जिवंत वाटतं, पण सिलिंडरमधला कमाल दाब बूस्टपेक्षाही झपाट्याने चढतो आणि भार येतो हेडवरच. फार मागेही नेऊ नका, एक्झॉस्ट तापतो.

कमी कॉम्प्रेशनचे पिस्टन विसरा. थंडीत सुरू करताना धुराने हैराण व्हाल, आणि २.५ ला मूळचे पिस्टन पुरतात. तेलाचे फवारे खालून नीट मारतायत ना, एवढं बघा.

इंटरकूलर मात्र तपासाच. ३.५ पट दाबलेली हवा टर्बोतून दोनशे अंशांच्या वर निघते. ती ५० वर आणली तर तेवढ्याच दाबाला दीडपट हवा मावते. जाळ्यांत तेल-धूळ साचली असेल तर निम्मं काम तिथेच बुडतं.

मालवाहू

गेज_ताई, तुमचं ऐकून आधी गेज लावले. वेस्टगेट थोडा सैल करून एकच फेरी मारली, ट्रेलर निम्मा भरून. माथ्याच्या शेवटच्या वळणावर बूस्ट १.७, ड्राइव्ह प्रेशर ३.१, पायरोमीटर ७४०. ॲक्सिलरेटर लगेच सोडला. आकडा बघून पोटात गोळा आला, मी दोन महिने अशी गाडी पळवत होतो.

गेज_ताई

१.७ ला ३.१ म्हणजे जवळपास दुप्पट. टर्बो लहान नाही, त्याचं हाउसिंग लहान आहे. १६ चं हाउसिंग बसवा. खाली थोडा उशिरा फिरेल, काटा २.५ दाखवणार नाही कदाचित, पण ओढ कमी होणार नाही. चढावर बघा आणि सांगा.

मालवाहू

हेड उतरवलं. चौथ्या आणि पाचव्या सिलिंडरच्या मधे गॅस्केटची कडा काळी पडून पातळ झाली होती, पाण्याच्या भोकापर्यंत करपट रेघ. ब्लॉकच्या दोन आट्यांशी धातू वर आलेला, फेसप्लेट दादांनी सांगितल्याप्रमाणे नखाला लागला. हेड फेस केलं, ब्लॉक हाताने घासला, स्टड, नव्या स्प्रिंग, १६ चं हाउसिंग. इंटरकूलरमधून वाटीभर तेल निघालं. फ्युएल प्लेट होती तिथेच ठेवली आहे.

काल रात्री गार इंजिनावर परत टॉर्क तपासला, तीन नट किंचित फिरले. आज पूर्ण भरलेला ट्रेलर घेऊन तोच चढ चढलो. बूस्ट १.८, ड्राइव्ह प्रेशर २.१, पायरोमीटर ६८०. चौथा गिअर, पाण्याचा काटा जागचा हलला नाही. माथ्यावर थांबून टाकीत टॉर्च मारली, पाणी स्थिर होतं. २.५ चा नाद सध्या सोडला आहे.