बीचवर्थला जायचं की सॉव्हरिन हिलच बरं?

खिडकीची_सीट:
आई-बाबा आलेत म्हणून मागच्या लाँग वीकेंडला मेलबर्नहून बीचवर्थला, ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियामधल्या सोन्याच्या जुन्या गावाला, जाऊन आलो. फोटो टाकले तर मित्राचा लगेच मेसेज, "पावणेतीनशे किलोमीटर कशाला हाणलीस गाडी, बॅलरॅटचं सॉव्हरिन हिल दीड तासावर आहे, तेच सगळं तिथे."

तेच नाहीये ना पण. सॉव्हरिन हिल म्हणजे सोन्याच्या खाणींचा काळ दाखवणारं, १९७० साली उघडलेलं म्युझियम आहे, लाल कोटातले शिपाई, घोडागाडी, सगळा सेट. भारी सेट आहे, मान्य. बीचवर्थला १८५२ मध्ये खरंच सोनं सापडलं, पैसा आला, मधाच्या रंगाच्या ग्रॅनाइटच्या इमारती उभ्या राहिल्या, पुढे सोनं आटलं आणि पाडून नवं बांधावं एवढा पैसाच गावात उरला नाही म्हणून जुनं राहिलं. त्याच रस्त्यावर लोक आजही दूध-ब्रेड आणतात.

कोर्ट १८५८ चं, १९८९ पर्यंत चालू होतं. नेड केलीला, इथल्या प्रसिद्ध दरोडेखोराला, ऑगस्ट १८८० मध्ये आधी इथे उभं केलं, मग मेलबर्नला खटला आणि ११ नोव्हेंबरला फाशी. बाबा आरोपीच्या कठड्याचे फोटो काढत होते. मी आईला सहज म्हटलं की दोन वर्षं आधी त्याच्या आईला, एलन केलीला, बीचवर्थलाच तीन वर्षांची शिक्षा झाली होती, आणि तेव्हा पदरात काही महिन्यांची पोरगी होती. झालं. त्यानंतर आईला नेड-बिड काही नको, बेकरीत बसल्यावरसुद्धा "अगं बाई, आणि एवढंसं लेकरू" हेच चालू. सॉव्हरिन हिलला असं कधी झालं नव्हतं.

दोन_पोरांचा_बाप:
तुझी आई साठीची आहे रे, माझा धाकटा सहाचा. कोर्टात दहाव्या मिनिटाला "घरी कधी जायचं". सॉव्हरिन हिलला हेच कार्टं दोन तास ओढ्यात परात घेऊन वाळू चाळत बसलं, तीन कण मिळाले तर बाटली उशाशी घेऊन झोपला. सोनं ते लोक स्वतःच टाकतात पाण्यात, माहितीये मला, त्याला काय फरक पडतो? आणि बीचवर्थला आम्ही पाचनंतर फिरलो तर निम्मी दुकानं बंद, पोरं भुकेली, बायकोचा चेहरा बघवत नव्हता.

वाईचा_वाडा:
पावणेदोनशे वर्षं म्हणजे ऐतिहासिक? आमच्या घरचं जातं त्याहून जुनं असेल 😄

खिडकीची_सीट:
@वाईचा_वाडा जातं बघायला तिकीट लाव, येतो.
@दोन_पोरांचा_बाप पाचनंतरचं खरंय, चारलाच जेवणाची सोय बघून ठेवायची.

तिरफळ:
तुम्ही सगळे केलीतच अडकलात, आणि गावही तेच विकतं. वाटेत ग्लेनरोवनला त्याचा सहा मीटरचा पुतळा, दुकानात त्याचे मग. स्ट्रिंगीबार्क क्रीकला १८७८ मध्ये त्याच्या टोळीने तीन पोलीस मारले, त्यांचे मग कोण घेतं?

बीचवर्थला जायचंच तर स्मशानभूमीत जा. चिनी खाणकामगारांच्या थडग्यांजवळ १८५७ चे दोन छोटे मनोरे आहेत, भट्टीला असतं तसं तोंड, त्यात मेलेल्यांसाठी प्रार्थनेचे कागद जाळायचे. ही माणसं आली कशी बघा. व्हिक्टोरियाने १८५५ मध्ये प्रत्येक चिनी माणसामागे १० पौंडांचा कर लावला, तो चुकवायला जहाजं शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलियात रोबला लागायची आणि तिथून ४०० किलोमीटर वगैरे चालत सोन्याच्या खाणींवर. आणि मनोरे बांधले त्याच वर्षी, ४ जुलैला, जवळच्या बकलंड खोऱ्यातून गोऱ्या खाणवाल्यांनी चिन्यांना मारून हाकललं, तंबू जाळले. आपण पण इथे बाहेरूनच आलोय, मी तिथे बराच वेळ उभी होते. आम्ही होतो तेवढ्या वेळात दुसरं कोणी फिरकलं नाही.

गमबूट:
@तिरफळ चिन्यांचं पटलं, केलीचं नाही. १८७९ चं त्याचं जेरिल्डरी पत्र वाच, आठ हजार शब्दांच्या आसपास आहे, गरीब आयरिश घरांना पोलीस कसे छळायचे ते त्यात आहे. नुसता खुनी म्हणून मोकळं होता येत नाही.

तिरफळ:
वाचलंय. छळ खरा, म्हणून तीन बायका-पोरांवाल्या... बरं, त्या तीन पोलिसांतल्या लोनिगन आणि केनेडीला तरी पोरंबाळं होती, त्यांचं काय?

गमबूट:
काही नाही, तेही खरंच. दोन्ही खरं असू शकतं एवढंच म्हणतोय.

वाईचा_वाडा:
मेंटल हॉस्पिटल पण आहे ना तिथे? भुतांची टूर असते म्हणे.

तिरफळ:
मेडे हिल्स. १८६७ ते १९९५ चालू होतं. आजारी माणसं जिथे आयुष्यभर राहिली तिथे रात्री टॉर्च घेऊन किंचाळायला जायचे पैसे मी देणार नाही.

दोन_पोरांचा_बाप:
आम्ही दिले होते 🙈 पण खरं सांगतो, वॉर्डातल्या माणसांबद्दलच जास्त सांगितलं, भुतांबद्दल कमी. बायको रडली.

बरं, मनोरे बघितले नव्हते, पोरं आजीकडे असताना जाऊन येतो. बेकरीत काय घ्यायचं?

खिडकीची_सीट:
नेड केली पाय (pie). मटणाचा नाही, बीफचा, वर अंडं, बेकन, चीज. बाबांनी नुसता वास घेतला आणि व्हेज पेस्टी मागवली.

तिरफळ:
घ्या. आला परत केलीच.