फाइल आधी दिली नाही तर मंच नाही: अपंगत्व परिषदेत ही अट हवी की नको?

तिस्क फोंडा (धागा सुरू करणारा)

मी पूर्ण अंध आहे, बँकेत नोकरी करतो. गेल्या महिन्यात पणजीत अपंगत्वावरच्या दोन दिवसांच्या एका परिषदेला गेलो होतो. पहिल्याच सत्रात वक्ते म्हणाले, "आता हा आलेख बघा, मी वेगळं काही सांगायला नको." आणि खरंच त्यांनी काही सांगितलं नाही. विषय होता अंध मुलांची शाळेतली गळती.

नंतर मी फाइल मागून घेतली. पीडीएफ आली, पण जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमधली. अशा फॉन्टमध्ये डोळ्यांना 'क' दिसतो, पण आत साठवलेलं असतं एखादं रोमन अक्षर. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, तेच वाचतो. वीस पानं मी निरर्थक अक्षरं ऐकली.

म्हणून माझं म्हणणं: युनिकोडमधली फाइल आठ दिवस आधी द्यायची आणि पडद्यावर जे दाखवाल ते तोंडाने सांगायचं. हे जमत नसेल तर ती वेळ दुसऱ्याला द्या. विनंत्या करून झाल्या. सर्वोच्च न्यायालयानेही ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात म्हटलं आहे की सुगम्यतेचे किमान निकष बंधनकारक हवेत, नुसत्या शिफारशी पुरत नाहीत. जानेवारी २०२३ मध्ये पहिला पर्पल फेस्ट, म्हणजे अपंगांचा महोत्सव, आपल्याच पणजीत झाला. निदान इथे तरी ही अट लागू व्हावी.

डिचोलीची शिक्षिका

तिस्कबाब, तुमचा राग समजते. पण अटीला माझा विरोध. तो निकाल सरकारने करायच्या नियमांबद्दल आहे. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याचं ४२ वं कलमही जबाबदारी शासनावर टाकतं. त्याच्या आधारे एकेका वक्त्याला मंचावरून उतरवता येणार नाही.

त्याच परिषदेत वाळपईकडची एक आई बोलली. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलीला रोज बसमध्ये कसं चढवते ते तिने सांगितलं. जवळ होते फक्त मोबाइलमधले चार फोटो. आठ दिवस आधी फाइल मागितली असती तर ती घरूनच निघाली नसती. अटी पाळायला प्राध्यापकांना जमतं. गळतात त्या अशा बाया.

हातांची भाषा

मी बहिरा. माझी पहिली भाषा सांकेतिक, मराठी नंतरची. म्हणून छोटी वाक्यं लिहितो.

तुम्ही दोघं फाइलीवर बोलता. माझी अडचण वेळेची. मी एका वेळी एकीकडेच बघू शकतो. स्लाइड बघू की दुभाषीबाईंचे हात? वक्ता स्लाइड लावतो आणि त्याच क्षणी बोलायला लागतो. मी हातांकडे बघतो, तोवर स्लाइड गेलेली असते. वर्णन घाईघाईने केलं तर तिस्कबाबना मिळतं, माझं निसटतं. वर्णन कराच. पण स्लाइड लावल्यावर दहा सेकंद गप्प राहा. बारा मिनिटांना सहा स्लाइड पुष्कळ झाल्या. सभागृहातले दिवे घालवू नका, दुभाषी दिसत नाही.

आपल्या गोव्याचं आणखी एक. वक्ता सुरुवात करतो कोंकणीत, किस्सा मराठीत, आकडे इंग्रजीत. त्या दिवशी दुभाषीबाई बाहेरच्या होत्या, त्यांना कोंकणी येत नव्हती. त्यांचे हात थांबले. सभागृह हसत होतं. कशाला, ते मला आजही माहीत नाही. कोणत्या भाषेत बोलणार ते आधी कळवा, ही अट मला चालेल.

पेडणेवाला

मी आकडेवारीवर काम करतो. कायद्यात अपंगत्वाचे एकवीस प्रकार, गोव्याचे तालुके बारा. एका तक्त्यात २५२ आकडे. बारा मिनिटांत ते वाचून दाखवू का? शिवाय अंध श्रोत्यांसाठी "मी निळा कुर्ता घातलाय, चष्मा आहे" अशी स्वतःची ओळख करून देण्यात आणखी वेळ जातो. विषयाला काय उरतं?

तिस्क फोंडा

२५२ आकडे कोणी मागितलेच नाहीत. ज्या एका आकड्यासाठी तो तक्ता पडद्यावर लावता तो सांगा, बाकीचे फाइलीत द्या. डोळस माणूसही तेवढ्या वेळात २५२ वाचत नाही. कुर्त्याचं म्हणाल तर मला त्याची गरज नाही. म्हापशाच्या माझ्या अंध मैत्रिणीला मात्र ते हवं असतं. आम्हा अंधांतही यावर एकमत नाही.

बाई, वाळपईच्या आईबाबत तुमचं बरोबर. जिच्याकडे फाइलच नाही तिला अट लावायची नाही. आयोजकांपैकी कोणी तिच्याजवळ बसून चार फोटोंची चार वाक्यं लिहून घ्यावीत. प्राध्यापकांना सूट नाही.

डिचोलीची शिक्षिका

मग एक प्रसंग सांगते. दुसऱ्या दिवशी एका वक्त्यांनी माझ्या विद्यार्थिनीचा व्हीलचेअरवरचा फोटो दाखवला. वर्णन केलं, अक्षरं मोठी, सगळं नीट. आणि म्हणाले, "हिला बघा, मग तुमची दुःखं किती लहान ते कळेल." ती तिसऱ्या रांगेत बसली होती. कोणी तिला विचारलं नव्हतं. तुमच्या अटीत हे सादरीकरण पूर्ण गुणांनी पास झालं असतं.

तिस्क फोंडा

फाइल आठ दिवस आधी आली असती, तर ती त्या मुलीला दाखवता आली असती.

डिचोलीची शिक्षिका

हे मला सुचलं नव्हतं. काल तिला विचारलं. म्हणाली, "फोटो राहू दे म्हटलं असतं, बाई. ते वाक्य काढायला लावलं असतं."

मंचावरून उतरवायला माझा विरोध अजून आहे. पण पुढच्या आयोजकांना पत्र लिहायचं असेल तर मसुदा मी करते, युनिकोडमध्येच. दहा सेकंदांचा आणि कोंकणीचा मुद्दा 'हातांची भाषा' यांनी लिहावा.